गाइड म्हणतात हा इतिहासच नाही, मग विषय बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्र लिहिणारी ३१ वर्षांची, खानदेशातल्या सपाटीवरच्या गावातली. इतिहासात एमए, सेट (प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेली, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय आहे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा भागातल्या, म्हणजे सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा लोकांच्या मौखिक परंपरा. गाइडचं म्हणणं, हे लोकसाहित्य झालं, इतिहास नाही, व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचा परीक्षक आडवं घेईल. त्यापेक्षा खानदेश भिल्ल कोअरवर, म्हणजे इंग्रजांनी भिल्लांची उभी केलेली पलटण तिच्यावर कर, कागद मुंबईत तयार पडलेत, दोन वर्षांत सुटशील. इंटरव्ह्यूलाही हाच टोमणा ऐकू येतो, मराठी विभागात का नाही गेलात. नवरा म्हणतो तुला हवं ते कर पण एकदाचं ठरव. आणि ज्यांच्याकडून ती गायणी (गाऊन सांगायच्या कथा) ऐकते ते ऐंशीच्या पुढचे आजोबा यंदा पावसाळाभर आजारी होते. ती लिहिते, "ताई, विषय बदलला तर आजोबांना फसवल्यासारखं होईल, नाही बदलला तर करिअर संपेल. आणि ही परंपरा वाचवायची तर आत्ताच, नंतर कोणी उरणार नाही."

तू ताई लिहिलंस म्हणून मी सरळ तू म्हणते.

आधी एक विचारते. विषय बदलला की नोकरी लागेल हे तुला कोणी सांगितलं? म्हणजे गाइडनी असं शब्दशः म्हटलंय, की तू त्यांच्या बोलण्यातून तसं काढलंस? कारण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात गाइड फक्त डिग्री लवकर हातात पडेल एवढंच म्हणतात, नोकरीचं तू जोडलंयस. आणि ते दोन वेगळे विषय आहेत. आपल्याकडे अनुदानित कॉलेजातली जागा कशी निघते हे तुला मी काय सांगणार, तू रोज त्यातच आहेस. आधी सरकारची परवानगी, मग रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली) तपासणी, मग एनओसी, मग जाहिरात, मग ती जाहिरात कोर्टात, आणि हे सगळं पार पडलं तर संस्थेच्या मनात आधीच कोण आहे तो प्रश्न. या सगळ्या साखळीत तुझा थिसिस भिल्ल कोअरवर आहे की गायण्यांवर याने फरक पडतो तो अगदी शेवटच्या अर्ध्या तासात, आणि तिथेही किती पडतो देव जाणे. शिवाय सेट तुझ्याकडे आहे. जुलै २०२३च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दुरुस्तीनंतर असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. मार्कांच्या गणितात पीएचडीचा फायदा होतोच, नाही असं नाही, पण "पीएचडी अडली म्हणजे करिअर संपलं" ही भीती निदान नियमाच्या पुस्तकात तरी नाहीये.

आता गाइड. पत्रात तू त्यांना जरा खलनायक केलंयस. मला ते तसे वाटत नाहीत. त्यांच्या पिढीला इतिहास शिकवला गेला तो कागदावर. आपल्या महाराष्ट्रात तर जास्तच, इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत होते, साधनांचे २२ खंड छापले, त्यांच्या नावाचं मंडळ धुळ्यात आहे, तुझ्या घरापासून फार लांब नसेल. अस्सल कागद हातात आल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त तिथून आली आणि ती चांगलीच शिस्त आहे. तिची अडचण एवढीच की ज्या लोकांनी लिहिलंच नाही त्यांच्याबद्दल मग फक्त त्यांना पकडायला, मोजायला, कर लावायला आलेल्यांचेच कागद उरतात. १८२५ मध्ये भिल्ल कोअर उभी राहिली, तिच्यावरच्या औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने काय केलं, हे सगळं कागदात सविस्तर सापडेल, पण कोअरमध्ये भरती झालेल्या माणसाला घरी काय ऐकावं लागलं ते नाही सापडणार.

आणि खरं सांगू का, मौखिक चालत नाही असंही आपले इतिहासवाले म्हणत नाहीत. ते निवडून म्हणतात. पोवाडा चालतो. बखर चालते, आणि बखरी काय सगळ्या डोळ्यांनी बघून लिहिल्यात का, कितीतरी तर घटनेनंतर कित्येक वर्षांनी ऐकीव गोष्टींवर लिहिलेल्या आहेत. तिथे आपण म्हणतो की जपून वापरा, लेखक कोण, कोणाच्या सांगण्यावरून, काय हेतूने, हे बघा, आणि मग वापरा. बस, तेवढंच गायण्याला लावायचं. हे मी गाइडशी भांडायला देत नाहीये हं, व्हायवाला उत्तर म्हणून देतेय.

पण गाइडचा एक मुद्दा मला पटतो आणि तो तुला आवडणार नाही. तू पाठवलेल्या सिनॉप्सिसचं शीर्षक आहे "सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजाच्या मौखिक परंपरांचा अभ्यास". यात इतिहास कुठे आहे? काळ नाही, प्रश्न नाही, बदल नाही. परंपरा आहे आणि तिचा अभ्यास आहे. हे वाचून मीसुद्धा म्हटलं असतं की मराठी विभागात जा. विषय तुझा बरोबर आहे, पण प्रश्न अजून सापडलेला नाही, आणि गंमत म्हणजे तो तुझ्याच वहीत आहे, तू तो कंसात टाकलायस.

नमुना म्हणून जो उतारा जोडलास त्याबद्दल बोलतेय. आजोबा सांगतायत की देवाने डोंगर कसे वाटून दिले, कोणत्या कुळाला कोणता नाला, कोणाला कुठली टेकडी, आणि मधेच एक साहेब साखळी घेऊन येतो. साखळी जमिनीवर पसरतो, ती जिथवर पुरली तिथवरची झाडं सरकारची झाली, आणि देव म्हणतो आता माझ्या हातात काही नाही. पुढे परत जुनी गोष्ट सुरू. आणि तू खाली लिहिलंयस, "हा भाग नंतर घुसलेला दिसतो, मूळ कथेत नसावा, परिशिष्टात टाकावा".

अगं, परिशिष्टात कशाला! तोच तर थिसिस आहे. १८७८ चा जंगल कायदा आला, राखीव जंगलाच्या हद्दी आखायचं काम जोरात सुरू झालं, मोजणीदार डोंगरात शिरले, आणि कोणीतरी, आजोबांचे आजोबा असतील किंवा त्यांच्याही आधीचं कोणी, त्याने ठरवलं की ही गोष्ट देवाच्या गोष्टीत बसवायला हवी. नंतर घुसलंय म्हणूनच तर त्याला काळ आहे. तू शुद्ध, जुनं, मूळ असं काहीतरी शोधतेयस आणि इतिहास जिथे जिथे दिसतो तिथून तो पुसून काढतेयस. दरवर्षी काठी गावच्या होळीचे फोटो येतात आणि खाली लिहिलेलं असतं शेकडो वर्षांची परंपरा, वाचायला छान वाटतं, पण इतिहासाच्या विद्यार्थिनीने त्यावर विचारायचं ते हे की मधल्या काळात काय काय बदललं, कोणी बदललं, कशामुळे.

आता याचा कामाला उपयोग कसा ते बघ. अक्कलकुव्याकडचा बराच भाग मेवासी सरदारांकडे, म्हणजे डोंगरातल्या छोट्या संस्थानिकांकडे होता, काठी त्यातलंच, आणि अक्राणी परगण्याचा कारभार वेगळा. मग साखळीचा साहेब दोन्हीकडच्या गोष्टीत येतो का? एकीकडे साहेब आणि दुसरीकडे राजाचा माणूस असं तर नाही ना? चार गावं इकडची, चार तिकडची, तीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकायची, पुरुषांकडून आणि बायकांकडूनही (तुझ्या यादीत एकही बाई नाहीये, ते का?), आणि मग मुंबईच्या पुराभिलेखागारात बसून जंगलखात्याचे आणि महसूलचे त्या भागाचे कागद काढायचे. म्हणजे गाइड म्हणतात ते मुंबईचं काम तुला करायचंच आहे! फक्त तू तिथे आजोबांचा प्रश्न घेऊन जाशील. कागदात आणि गोष्टीत जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर त्याहून उत्तम, का जुळत नाही यावर एक अख्खं प्रकरण होतं.

हे काही मी हवेत बोलत नाहीये. यान व्हान्सिना नावाचे इतिहासकार होते, १९५० च्या दशकात काँगोत कुबा लोकांमध्ये राहून त्यांनी मौखिक परंपरा इतिहासाचं साधन म्हणून कशी तपासायची याची पद्धत बसवायला घेतली, पुढे तीच जगभर वापरली गेली. त्यांचा एक फरक तुझ्या फार कामाचा आहे. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेली आठवण वेगळी, आणि पिढ्यांमधून हातोहात आलेली गोष्ट वेगळी. तुझ्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात आहेत. धरणात गाव गेलं ते आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय, साखळी नाही पाहिली. दोन्हीची तपासणी वेगळी करावी लागते. आणि आपल्या शेजारी गुजरातेतल्या डांगमध्ये तर हेच काम झालंय, अजय स्कारिया यांनी तिथल्या भिल्ल-कोकणा लोकांच्या गोष्टी आणि इंग्रजांचे जंगलाचे कागद समोरासमोर ठेवून लिहिलं, १९९९ मध्ये ते पुस्तक आलं, इतिहासाचं म्हणूनच आलं. पद्धतीच्या प्रकरणात ही दोन नावं नीट वापर, बाहेरच्या परीक्षकाचा निम्मा जीव तिथेच भांड्यात पडेल.

मग गाइडकडे जाताना वाद घेऊन जाऊ नकोस, दोन पानं घेऊन जा. नवीन शीर्षक, ज्यात काळ असेल आणि जागा असेल. एक प्रश्न. कुठल्या गावात ऐकणार, कुठले कागद बघणार. आणि तोच साखळीचा उतारा, शेजारी त्या भागाचा एखादा सरकारी कागद मिळाला तर तो. हा एक कागद तुझं सगळं बोलणं बोलेल. शीर्षकात बदल कधीपर्यंत करता येतो हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, पीएचडी सेलला जाऊन लेखी विचार, मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नकोस. सह-मार्गदर्शकाचीही सोय आहे, २०२२ च्या यूजीसी नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही घेता येतो, विद्यापीठाची मंजुरी लागते. लोकसाहित्य किंवा भाषाशास्त्राचं कोणी मिळालं तर गाइडच्या डोक्यावरचा भारही उतरतो. त्यांनाही कदाचित तीच काळजी असेल, की मला यातलं कळत नाही आणि उद्या मुलगी अडकली तर मी काय सांगू. सर असं बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

वेळेचंही बघून घे. याच नियमांप्रमाणे पीएचडीला कोर्सवर्क धरून ६ वर्षं मिळतात, पुनर्नोंदणीने २ वाढवता येतात, आणि महिलांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. अर्थात तुझी नोंदणी जुन्या नियमाखाली आहे की नव्या ते तपास. सांगायचा मुद्दा, तू जितकी घाईत आहेस तितकी घाई विद्यापीठाला नाही.

ती घाई आजोबांमुळे आहे, कळतंय मला. पण बघ ना, तू आजोबांचं आणि थिसिसचं घड्याळ एकत्र बांधून ठेवलंयस. ऐकायला, रेकॉर्ड करायला थिसिसचं शीर्षक कशाला मंजूर व्हायला हवं? त्यांची तब्येत बरी असेल तेव्हा जा, त्यांना झेपेल तेवढंच ऐक, आणि रेकॉर्डिंग नीट कर. मोबाइलवर केलंस तरी चालेल पण डब्ल्यूएव्हीमध्ये करणारं अ‍ॅप घे, व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल इकडून तिकडे पाठवू नकोस, आवाज दाबला जातो. सुरुवातीला तारीख, गाव, कोण सांगतंय, खोलीत अजून कोण बसलंय हे तूच बोलून घे. कोण बसलंय हे लिहिणं फार महत्त्वाचं, जावई समोर असला की म्हातारी माणसं अर्धी गोष्ट गाळतात. परवानगी त्यांच्या भाषेत माग आणि त्याचंही रेकॉर्डिंग ठेव, इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन काय उपयोग. लिप्यंतर करताना मूळ पावरी बोल देवनागरीत आणि शेजारी मराठी, असं दोन्ही ठेव, तुझ्या वहीत नुसतं मराठी आहे आणि तेही फार गुळगुळीत झालंय. प्रती दोन वेगळ्या ठिकाणी, आणि एक आजोबांच्या घरी. गाणं-संगीत असेल तर गुरुग्रामला संगीताच्या रेकॉर्डिंग्जचं एक संशोधन संग्रहालय आहे, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं, तिथे अभ्यासकांची फील्ड रेकॉर्डिंग्ज जमा करून घेतात. पण जमा करायच्या आधी घरच्यांना विचार.

विचार म्हणतेय त्याला कारण आहे. वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदन चक्क पुरावा म्हणून दिलेलं आहे. (हे गाइडना जरूर सांग, संसदेच्या कायद्याखाली जे चालतं ते इतिहास विभागात का चालत नाही म्हणून!) पण याची दुसरी बाजू पण आहे. आदिवासींच्या दाव्यात जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असणं ही अट आहे. आता समज एखादे काका गप्पांच्या ओघात म्हणाले की आम्ही या फळीला (वस्तीला) मागाहून आलो, आणि तू ते नाव-गावासकट छापलंस, तर तुझी तळटीप उद्या कोणाच्या तरी फाइलला लागू शकते. त्यामुळे कुठलं नाव द्यायचं, कुठलं नाही, कुठला भाग छापायचाच नाही, हे त्यांच्याशी बसून ठरव. ज्यांना आपलं नाव हवंय त्यांचं मात्र ठळक दे, "एक वृद्ध माहितीदाता" असलं काही लिहू नकोस, त्यांना नाव आहे.

आता ते वाचवण्याचं. परंपरा वाचवायची, नंतर कोणी उरणार नाही, हे तू तीन ठिकाणी लिहिलंयस. कोणासाठी वाचवायची आणि कोणी सांगितलंय की संपतेय? सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी याच दोन तालुक्यांतली, त्यातले बरेच लोक तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत राहतात. तिथे इंदल (नवसाचा उत्सव) होतो का, कोण गातं, डोंगराची नावं घेताना सपाटीवरची पोरं काय समजतात, हे तू जाऊन बघितलंयस का? पत्रात तरी नाही. मला वाटतं तुला संपलेलं काहीतरी हवंय कारण संपलेल्यावर लिहायला सोपं असतं. आणि त्या समाजातली मुलं-मुली आता स्वतः एमए, पीएचडी करतायत, हे विसरू नकोस. गोविंद गारे स्वतः महादेव कोळी समाजातले, आदिवासींवर आयुष्यभर लिहिलं, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. तेव्हा आपण गेलो नाही तर कोणी लिहिणारच नाही हे डोक्यातून काढ. उलट तुझ्याच कॉलेजात धडगावकडची, म्हणजे अक्राणी भागातली मुलं असतील, त्यांच्यापैकी कोणाला पावरी लिप्यंतराचं काम दे, पैसे दे, लेखात नाव दे. दोन नावांचा लेख असला म्हणून तुझं काही कमी होत नाही.

पैशांचं मात्र मी गोड बोलणार नाही. सीएचबीचं, म्हणजे तासिका तत्त्वावरचं मानधन वेळेवर येत नाही, उन्हाळ्यात तर येतच नाही, आणि डोंगरात जायला जीप, मुक्काम, सगळं खिशातून. नवऱ्याचं "एकदाचं ठरव" हे मला रागाचं वाटलं नाही, त्यांना बहुतेक तारीख हवीये. तर तारीख दे. किती वर्षं अजून असंच चालवायचं, तोवर जागा निघाली नाही तर काय, हे दोघांनी बसून ठरवा. आणि त्या "तर काय" मध्ये फक्त प्राध्यापकी धरू नकोस. पुराभिलेख, संग्रहालय, आदिवासी विकासाशी संबंधित संशोधनाची कामं, वनहक्कावर काम करणाऱ्या संस्था, अनुवाद, पाठ्यपुस्तकं, यातली बरीच कामं कंत्राटी असतात हे खरं, पण सीएचबी तरी काय आहे. आयसीएचआर, आयसीएसएसआर या इतिहास आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदांच्या फेलोशिपच्या जाहिराती लक्षात ठेव, अर्जात जुनं शीर्षक पाठवू नकोस.

आणि करिअर म्हणजे एकच सरळ रस्ता असं धरून चाललीयस म्हणून एक उदाहरण देते. शेखर पाठक, नैनितालला कुमाऊं विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. विद्यार्थी असताना १९७४ मध्ये ते आणि त्यांचे मित्र अस्कोटहून आराकोटला, म्हणजे उत्तराखंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गावागावातून चालत गेले. मग दर दहा वर्षांनी तीच वाट, २०२४ मध्ये पण झाली. १९८३ मध्ये 'पहाड' ही संस्था उभी केली, त्यातून डोंगराबद्दलचं कितीतरी छापलं. हे सगळं विद्यापीठाच्या नोकरीच्या कामात बसत नव्हतं, ते शेजारून चालू राहिलं. तुझ्यासारख्यांनी, मग ते सह्याद्रीत काम करत असोत की निलगिरीत, यातून घेण्यासारखं म्हणजे परत परत त्याच गावांना जाणं. थिसिस संपला की पाठ फिरवणारे अभ्यासक गावकऱ्यांनी भरपूर पाहिलेत, ते विचारतातही तोंडावर, की मागच्या बाईंनी पण लिहून नेलं होतं, पुढे काय झालं त्याचं.

भिल्ल कोअरचं तोंडावर नाही म्हणू नकोस. गाइडना सांग की कोअर एका प्रकरणात येईल, कारण कोअरमध्ये गेलेल्यांच्या गोष्टीही आजोबांकडे असतील, विचारलंस का कधी? नसतील तर का नाहीत तेही लिही. दोन पानं आधी तयार कर, पुढच्या आरएसी (संशोधन सल्लागार समिती) मीटिंगच्या निदान पंधरा दिवस आधी सरांच्या हातात पडू देत, मीटिंगमध्ये अचानक काढलंस तर ते सगळ्यांसमोर नाहीच म्हणतील. आणि त्याआधी धडगावला एक चक्कर टाक, साखळीची गोष्ट आजोबांच्या बायकोकडून किंवा बहिणीकडून ऐक.